‘ढ’ हा आजार नाही

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या घटक चाचणीचे पेपर मुलांच्या हाती पडले की आमच्या दवाखान्यात एका विशिष्ट औषधाची मागणी सुरू होते. “डॉक्टरसाहेब, पोरगा नववीत गेला जी, पण डोक्यात काहीच राहत नाही. एखादं ताकदीचं टॉनिक लिहून द्या,” असे वडील सांगतात. पोरगा बाजूच्या स्टुलावर मान खाली घालून बसलेला असतो. आपण ‘ढ’ आहोत हे त्याने मान्य करून टाकलेले असते.

वाचकहो, डोक्यात अभ्यास भरणारे टॉनिक जगात कुठेही मिळत नाही. बाटलीवर मेंदूचे कितीही सुंदर चित्र असले तरी ते विकत घेण्यापूर्वी खिशाचा विचार करावा. अशा बहुतेक मुलांची बुद्धी व्यवस्थित असते. मोहफुले वेचताना कोणते झाड कधी गळते हे त्यांना अचूक ठाऊक असते, बाजारात हिशेब चुकत नाही, मोबाईल तर ती आपल्यालाच शिकवतात. कमी असते ती एकच गोष्ट, ‘हे मला जमेल’ हा विश्वास. हा विश्वास कोणी जन्मतः घेऊन येत नाही. तो घडतो आणि मोडतोही, आणि बाराव्या-तेराव्या वर्षानंतर त्याचा मोठा कारखाना म्हणजे शाळा. आजचा लेख त्याविषयी आहे. मी साधा एमबीबीएस डॉक्टर, शिक्षणतज्ज्ञ नव्हे. पण शाळेत जे घडते त्याचा बराच भाग पोटदुखी, डोकेदुखी आणि चक्कर होऊन आमच्यापर्यंत येतो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस.

आधी शरीर तपासा

मुलगा ‘मठ्ठ’ ठरवण्यापूर्वी चार गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिली गोष्ट डोळे. दूरचे न दिसण्याचा दोष बहुधा शाळेच्या वयातच सुरू होतो आणि मुलाला तो कळत नाही. सगळ्यांनाच फळा असा धूसर दिसतो अशी त्याची समजूत असते. मग तो शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितो, गुरुजी ओरडतात आणि ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळतो. काही शे रुपयांच्या चष्म्याने हा शेरा पुसला जातो.

दुसरी गोष्ट कान. आपल्याकडे कान वाहणे हा आजार मानलाच जात नाही. ‘लहानपणापासून वाहतो’ असे सांगून लोक गप्प बसतात. पण कानाच्या पडद्याला भोक असलेल्या मुलाला मागच्या बाकावरून निम्मेच ऐकू येते. निम्मे ऐकून पूर्ण उत्तर कसे द्यावे?

तिसरी गोष्ट रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि मुलांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की लवकर थकवा येतो, लक्ष टिकत नाही, जिना चढताना धाप लागते. अशी मुलगी दुपारच्या तासाला पेंगते, आणि लोक तिला आळशी म्हणतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी फेकून देऊ नका. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत घेऊ नये.

चौथी गोष्ट आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात विसरून चालणार नाही, ती म्हणजे सिकलसेल. हा आजार आदिवासी तसेच इतरही अनेक समाजांत आहे. या मुलांची हाडे-सांधे पावसात, थंडीत, पाणी कमी पडले की असह्य दुखतात. चार दिवस शाळा बुडते, मूल परत येते तोवर गणिताचा धडा पुढे गेलेला असतो. असे वर्षातून पाच-सहा वेळा झाले की मागे पडणे अटळ. त्यातच या मुलांना पाणी जास्त लागते आणि लघवीलाही वारंवार जावे लागते. वर्गात त्याची गणना ‘बहाणेबाजां’त होते. आधी साधी रक्तचाचणी आणि गरज पडल्यास इलेक्ट्रोफोरेसिस केले की निदान होते, आणि आज चांगली औषधेही उपलब्ध आहेत. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, एवढीच विनंती.

रक्त वाढले, पोट दुखतच राहिले

आता एका मुलीची हकीकत. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. नववीतली मुलगी, लहानशा गावातली. सातवीपर्यंत गावच्या शाळेत पहिल्या तिघींत नंबर, नंतर बसने मोठ्या हायस्कूलला. आठवड्यातून दोनदा सकाळी पोटात कळ येऊन उलटी होई. चंद्रपूरला सोनोग्राफी झाली, काही सापडले नाही. कोणी म्हणाले ‘बाहेरचं’ आहे, तोही उपाय झाला. माझ्याकडे आली तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ होते. औषध सुरू केले. तीन महिन्यांत ते ११ च्या वर गेले, चेहऱ्यावर तजेला आला, पण पोटदुखी जागच्या जागी.

मग तिच्या आईला एक कागद दिला आणि ज्या दिवशी पोट दुखेल त्या दिवशी फुली मारायला सांगितली. महिन्याभरात कागदाने निदान केले. सगळ्या फुल्या मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या होत्या. त्या दिवशी गणिताची तोंडी चाचणी असे. गुण मोठ्याने वाचले जात आणि पाचाहून कमी गुण मिळालेल्यांना भिंतीला लागून उभे केले जाई. चौदा वर्षांच्या मुलीला पन्नास मुलामुलींसमोर भिंतीला लागून उभे राहणे म्हणजे काय, ते आपण मोठ्यांनी विसरू नये.

तोवर घरात निर्णय होत आला होता. “शाळेनं पोरीची तब्येत खराब होते जी. घरी राहील, धानाच्या कापणीला हात होईल. पुढं एखादं स्थळ पाहू.” आपल्याकडे मुलीचे शिक्षण असेच थांबते. कोणी ‘शिकू नको’ म्हणत नाही. तिला जमत नाही, असे सगळ्यांनी मिळून ठरवलेले असते, आणि त्यात ती स्वतःही असते.

वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा, असे मी वडिलांना विनवले. पुढचे काम डॉक्टरांनी नव्हे, त्याच शाळेतल्या विज्ञानाच्या एका बाईंनी केले. एकाच गावाहून येणाऱ्या तीन मुलींना त्यांनी मधल्या सुटीत एकत्र बसवायला सुरुवात केली. नववीचे पुस्तक बाजूला ठेवून सातवीच्या अपूर्णांकांपासून आरंभ केला. रोज दहा गणिते, सोपीकडून अवघडाकडे. चुकले तर ‘कुठे अडलं ते दाखव’, एवढेच. फेब्रुवारीपर्यंत आईच्या कागदावरच्या फुल्या बंद झाल्या. मुलगी नववी पास झाली, दहावी पास झाली, अकरावीला गेली. गणितात तिला काही दिपवणारे गुण पडले नाहीत. पण तिचे शिक्षण थांबले नाही, लग्नाचा विषय मागे पडला.

‘मला जमेल’ हे येते कुठून?

त्या बाईंनी जे सहज केले त्याचे शास्त्र अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडले आहे. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल या विश्वासाचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या मते हा विश्वास चार वाटांनी येतो.

पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच कोणाला तरी जमताना पाहणे. कलेक्टर झालेल्या पाहुण्याच्या भाषणापेक्षा आपल्याच गावच्या, आपल्यासारखीच बस पकडणाऱ्या ताईने दहावी काढली, हे मुलीला जास्त धीर देते. तिसरी वाट, विश्वासाच्या माणसाचा शब्द. आणि चौथी, आपल्याच शरीराचे संकेत. छाती धडधडली, हात घामेजले की मूल समजते, ‘म्हणजे मला हे येत नाही.’

आता त्या मुलीकडे पाहा. सातवीतल्या अपूर्णांकांनी पहिली वाट उघडली, सोबतच्या दोन मैत्रिणींनी दुसरी, बाईंच्या बोलण्याने तिसरी. चौथ्या वाटेवर माझ्या लोहाच्या गोळीचा थोडा हातभार लागला असेल. याउलट, भिंतीला लागून उभे राहण्याने चारही वाटा एकदम बंद झाल्या होत्या.

भीती पोटात का उतरते?

‘नाटक करते’ असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे शरीरशास्त्र. धोका दिसला की मूत्रपिंडांवरच्या लहानशा ग्रंथी अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. हृदय जोराने धावते, स्नायूंकडे रक्त जाते, पोट-आतड्यांचे नेहमीचे काम विस्कळीत होते. वाघ समोर आला तर ही व्यवस्था जीव वाचवते. गंमत अशी की शरीराला वाघ आणि वर्गातला अपमान यांतला फरक नीटसा कळत नाही. पोटातली कळ खरी असते, उलटी खरी असते. फक्त कारण पोटात नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तोंडी गणित सोडवताना आकडे काही क्षण मनात धरून ठेवावे लागतात. मनाची ती एक लहानशी पाटी आहे असे समजा. ‘आता सगळे हसतील’ हा विचार त्या पाटीची अर्धी जागा अडवतो. उरलेल्या अर्ध्या पाटीवर गणित मावत नाही, उत्तर चुकते, हसे होते आणि भीती खरी ठरते. दर आठवड्याला हेच घडले की वर्षभरात मुलाची खात्री पटते. किशोरवयात चारचौघांत काय वाटेल याची जाणीव सर्वांत तीव्र असते, त्यामुळे त्याच वयात हे चक्र सर्वांत वेगाने फिरते.

तुकडी, बाक आणि शिक्का

कोणी म्हणेल, खरा हुशार असेल तो शिक्क्याला भीक घालणार नाही. यावर आपल्याच देशात एक मोठा प्रयोग झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले तथाकथित उच्च जातींची, निम्मी दलित. जातीचा उल्लेख न करता कोडी दिली तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, वडिलांचे-आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. तेवढ्याने दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या सुमारे एक पंचमांशाने घटली. मेंदू तेच, कोडी तीच. बदलले होते ते खोलीतले वातावरण.

हा आकडा वाचल्यावर आपल्या शाळांतल्या साध्या साध्या रीती वेगळ्या दिसू लागतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना भर वर्गात ‘अमक्या-तमक्या जातीचे उभे राहा’ म्हणणे. ‘अ’ तुकडीत हुशार आणि ‘क’ तुकडीत उरलेले कोंबणे. पुढचे बाक ठरावीक मुलांचे, मागचे ठरावीक मुलांचे. पेपर वाटताना सर्वांत कमी गुणांपासून नावे पुकारणे. यातले काहीच दुष्टपणाने केले जात नाही. वर्षानुवर्षे चालत आले म्हणून चालते. पण मूल दररोज सहा तास या वातावरणात बसते.

शिक्षकाच्या अपेक्षेचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन ‘ही मुले यंदा चमकतील’ असे सांगितले. नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतली ती मुले खरोखरच पुढे गेलेली दिसली. १९६८ सालच्या या पुस्तकावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि अपेक्षेचा परिणाम तेव्हा वाटला तितका मोठा नसतो हेही दिसून आले. परंतु ज्याच्याकडून अपेक्षा आहे त्याला जास्त प्रश्न विचारले जातात, उत्तरासाठी चार क्षण जास्त दिले जातात, हे कोणत्याही वर्गात दहा मिनिटे बसून पाहता येते.

बोडीतला मासा, तलावातला मासा

गावची शाळा सोडून मूल मोठ्या हायस्कूलला येते तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. शेतातल्या बोडीत जो मासा मोठा दिसतो, तोच असोलामेंढ्याच्या तलावात सोडला की लहान दिसतो. मासा मात्र तेवढाच असतो. ऑस्ट्रेलियातले संशोधक हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून हे अनेक देशांत तपासले. सारख्याच कुवतीचे मूल अधिक हुशार मुलांच्या शाळेत गेले की त्याचा स्वतःच्या अभ्यासावरचा विश्वास कमी होतो, कारण मूल स्वतःला शेजाऱ्याच्या मापाने मोजते.

आपल्याकडे याच वळणावर दुसरा धक्का बसतो. शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झाल्यापासून आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवत नसत. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचा अडसर पुन्हा आला. हे बरे की वाईट, हा वाद शिक्षणतज्ज्ञांनी करावा. माझा अनुभव एवढाच, की आधीच्या वर्गातला पाया कच्चा राहिला हे मुलाला बहुधा नापास झाल्यावरच कळते, आणि त्याचा अर्थ तो ‘पाया कच्चा आहे’ असा न लावता ‘मी कच्चा आहे’ असा लावतो. हायस्कूलमध्ये नव्या मुलांचे पहिले दोन महिने गुण न मोजता मागचे काय राहिले ते शोधण्यात घालवले, तर पुढची दोन वर्षे सोपी जातील.

भाषेचा उंबरठा

येणे आणि सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातले हेमलकसा सर्वांना ठाऊक आहे. तेथे १९७३ च्या डिसेंबरमध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ साली आश्रमशाळा. मुलांची बोली माडिया, म्हणजे द्रविड कुळातली, आणि पुस्तके मराठीत. तेलुगू घरातल्या मुलाला एके दिवशी मराठी पुस्तक हाती द्यावे तशीच ही गोष्ट. पहिल्या दिवसापासून गुण मोजत बसले असते तर अख्खा वर्ग ‘ढ’ ठरला असता. तेथे शिक्षक मुलांमध्ये राहिले, त्यांची बोली शिकले, आधी मूल टिकू दिले. त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झालेली माणसे आज आपल्याच जिल्ह्यांत काम करीत आहेत. बुद्धी जंगलात आधीपासूनच होती.

आपल्या सावली तालुक्यातही घरी झाडीबोली किंवा गोंडी बोलणारे मूल वर्गात तोंड उघडायला कचरते, कारण एकदा त्याच्या बोलण्याला कोणीतरी हसलेले असते. आता त्यात सेमी-इंग्रजीची भर पडली आहे. आठवीपर्यंत मराठीत गणित शिकलेले मूल नववीत इंग्रजी शब्दाला अडते आणि गणितच येत नाही असे समजून बसते. प्रश्न आधी त्याच्या भाषेत समजावून घ्या, उत्तर त्याच्या बोलीत येऊ द्या, मग पुस्तकी शब्द शिकवा.

हाताला काम, मनाला धीर

१९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन आपल्या सावलीत भरले होते आणि त्यासाठी गांधीजी येथे आले होते. सावली तेव्हा खादीच्या कामासाठी प्रसिद्ध होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमची कल्पना पुढे आली. मुलाने हाताने उपयोगी वस्तू करावी आणि ती करता करता गणित-विज्ञान शिकावे, असा तिचा गाभा. राजकारण बाजूला ठेवून डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर त्यात आरोग्याचे एक तत्त्व आहे. कातलेले सूत मोजता येते, विणलेले कापड अंगावर घालता येते. आपल्याला जमले की नाही हे मुलाला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

हेच सूत्र पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून विज्ञान आश्रमात राबवले. मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून ते तेथे आले. शाळा सोडलेल्या, नापास झालेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन शिकवले, आरोग्य विभागात रक्तगट तपासायलाही शिकवले. घुमटाकार घर उभे करताना कोन मोजावेच लागतात, आणि वर्गात भूमितीला घाबरणारा मुलगा तेथे ते मोजतो. २००३ साली डॉ. कलबाग वारले, पण काम चालू आहे आणि तो अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक हायस्कूलांत पोचला आहे.

प्रत्येक शाळेला पाबळ होता येणार नाही. पण धानाच्या बांधीचे क्षेत्रफळ काढणे, रोवणीच्या मजुरीचा हिशेब मांडणे, तेंदूपत्त्याच्या पुड्यांची बेरीज करणे हे तर कोणत्याही वर्गात जमेल. रोवणीसाठी आठ दिवस बुडालेले मूल परत आल्यावर ‘कुठे होतास?’ ऐवजी ‘किती बांध्या झाल्या, हिशेब सांग’ असे विचारले, तर त्याच्या गैरहजेरीतूनही धडा निघेल.

शिक्षकांना विनंती

१. गुण मोठ्याने वाचू नका. पेपर घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात द्या.

२. प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजा. उत्तर यायला वेळ लागतो. लाजऱ्या मुलाला जास्त लागतो.

३. दर पंधरा दिवसांनी बाक बदला, म्हणजे डोळ्यांचे आणि कानांचे दोषही आपोआप लक्षात येतील.

४. चुकलेल्या उत्तरात बरोबर किती आहे ते आधी सांगा, मग चूक दाखवा.

५. खोटी स्तुती नको. न येणाऱ्याला ‘वा, हुशार!’ म्हटले तर त्यालाही ते खोटे कळते. त्याला जमेल एवढे काम द्या, आणि जमल्यावर नेमके काय जमले ते सांगा.

६. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला मनाई आहेच, मानसिक छळालाही आहे. भिंतीला लागून उभे करणे त्यातच मोडते.

७. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का ते रोज पाहा. ते नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, डोके दुखते, पाळीच्या दिवसांत शाळाच बुडते. बुडालेला धडा पुढे न्यूनगंड होऊन बसतो.

हे सगळे पन्नास-साठ मुलांच्या वर्गात आणि दहा कागदी कामांच्या रेट्यात करायचे आहे याची मला कल्पना आहे. त्या विज्ञानाच्या बाईंनाही मधली सुटीच मिळाली होती.

पालकांना विनंती

मुलासमोर त्याला ‘ढ’ म्हणू नका, दवाखान्यातही नाही. भावाशी, शेजाऱ्याच्या मुलीशी तुलना नको. करायचीच तर गेल्या महिन्यातल्या त्याच्याशी करा. ‘किती गुण पडले?’ याआधी ‘आज काय जमलं, काय अडलं?’ असे विचारा. तुम्ही स्वतः शिकलेले नसाल तरी हा प्रश्न विचारता येतो. रात्री आठ-नऊ तास झोप आणि सकाळी काहीतरी पोटात, हे दोन नियम मोडू देऊ नका. ठरावीक दिवशीच पोट किंवा डोके दुखत असेल तर कागदावर फुल्या मारा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे या.

दहावीत अपयश आले तर आभाळ कोसळत नाही. निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेण्याची पद्धत मंडळाने २०१५ साली सुरू केली. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. निकालाच्या आधीच हे मुलाला सांगून ठेवा.

याकडे दुर्लक्ष नको

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, मित्र तोडत असेल, झोप-जेवण बिघडले असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा ‘मी नसलो तर बरं’ असे काही बोलत असेल, तर ती धमकी समजू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. ‘टेलि-मानस’ ही शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते.

‘ढ’ या अक्षराबद्दल एक गोष्ट सांगतात. ब्राह्मी लिपीपासून आजवर सगळी अक्षरे बदलत गेली, हे एकच जवळपास जसेच्या तसे राहिले, म्हणून न शिकणाऱ्याला ‘ढ’ म्हणू लागले. अक्षराचे काय असेल ते असो. मुले बदलतात, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी तर सर्वांत जास्त बदलतात. पुढची घटक चाचणी होण्यापूर्वी आपल्या मुलाचे डोळे, कान आणि रक्त तपासून घ्या, आणि एकदा शाळेत जाऊन तो कोणत्या बाकावर बसतो तेही पाहून या.